होळीतला बिब्बा

मला भांडकुदळ म्हणा, तोंडाळ म्हणा, चाळीत सगळे म्हणतातच. पण त्या दिवशी मी बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ऐकून घ्यायला एक माणूस तयार नव्हता.

चौऱ्याऐंशी सालची होळी. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आमची चाळ. बावीस खोल्या, सगळे कोकणातले, त्यातले निम्मे गिरणीतून घरी बसलेले. आम्हीही त्यातलेच. संप लांबला तशी लालबागची खोली विकली आणि वर्षापूर्वी इकडे आलो. मी पश्चिमेला एका गुजराती घरी स्वयंपाकाला जायची. अंधारात निघायची, दिवेलागणीला परतायची. त्या दिवशी सण म्हणून चारलाच सुटले.

माझी लेक मालन दहिसरहून आली होती, पोराला घेऊन. सात महिन्यांचं पोर, त्याची पहिली होळी. नाव ठेवलंय चंद्रप्रकाश! एवढ्याशा जिवाला एवढं लांब नाव, आत्याबाईंची हौस. मी चंदू म्हणते. आमच्या चाळीत रीत अशी, की पहिल्या होळीला पोराच्या गळ्यात साखरगाठींची माळ घालायची आणि आजीनं त्याला घेऊन पेटत्या होळीभोवती पाच फेऱ्या मारायच्या. महिनाभर मी त्याच नादात होते. माळ मी स्वतः बोरीवली स्टेशनजवळून आणून ठेवली होती.

दारात पाय ठेवला तर मालन म्हणाली, "आई, बाबांकडे बघ गं आधी. सकाळपासून वाढतच चाललंय."

आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. हाक मारली तसे वळले आणि माझ्या हातातली पिशवीच पडली. तोंड सुजून भोपळा झालेलं. डोळ्यांच्या नुसत्या फटी. ओठ जाड, कान लाल, दोन्ही हातांवर पाण्यानं टरटरलेले फोड. आदल्या रात्री नुसती खाज होती, डास चावले म्हणून झोपले होते. सकाळी मी निघाले तेव्हा डोक्यावरून चादर घेतलेली, मी काही बघितलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, सुकट-बिकट खाल्लीत का? गोळ्या दिल्यात," मालन म्हणाली. "आणि रत्नाकाकू म्हणतात देवी आल्यात. दाराला कडुलिंबाचा डहाळा त्यांनीच लावला."

मी त्यांचा हात हातात घेतला. फोडांच्या मधून मनगटापासून कोपरापर्यंत काळे पट्टे. ओल्या फडक्यानं पुसले, जाईनात.

"हे काळं कसलं?"

"डिंक आहे गं," ते ओठ न हलवता म्हणाले. "साबणानं पण जात नाही. मागचं झाड तोडलं ना परवा. गुणाजी म्हणाला होळीला लाकूड पण होईल आणि मंडळाच्या शेडला जागा पण मोकळी होईल. एकट्यानं पाडलं. सगळे बोलले, लवू, झकास काम केलंस."

"अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना! मागच्या त्या काळ्याच्या वाटेला जाऊ नका म्हणून?"

"ते होय?" ते उठून बसले. "मला वाटलं तू त्या काळ्या कुत्र्याबद्दल बोलतेयस. त्याच्या वाटेला मी कशाला जातोय?"

आता हसू का रडू? ह्या माणसाचा जन्म लालबागच्या चाळीत, झाड म्हणजे कुंडीतली तुळस एवढंच ठाऊक. पण चूक माझी होती, त्यांची नव्हे. नाव घेतलं असतं तर शेंबडं पोरसुद्धा समजलं असतं. बिब्बा! दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगतात तोच. पण टांगलेला बिब्बा सगळ्यांना माहीत, झाड किती जणांनी बघितलंय? त्यात ह्या झाडाला कधी फळ धरत नव्हतं. आणि मला तर त्याचं नाव घ्यायचीच सवय नव्हती. आमची आई घेऊ द्यायची नाही. तिच्या देखत कुणी बिब्बा म्हटलं तरी ती कानांवर हात ठेवायची. 'काळा' म्हणायचं, बस.

ते का, तेही सांगते. मी नऊ वर्षांची असताना आईनं न्हाणीच्या चुलीत लाकडं घातली. कुणीतरी आणून टाकलेली, त्यात एक दांडकं बिब्ब्याचं होतं. धूर कोंडला. पाठीवरचा माझा भाऊ, पाच महिन्यांचा, तिथंच पाटावर तेल लावून ठेवलेला. आईचं तोंड सुजलं, ती आठ दिवसांत उठली. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. बिब्बा अंगाला लागला तर उततो, फोड येतात, पंधरा दिवसांत माणूस बरा होतो. पण तो जाळला की त्याचा धूर घशात उततो. आणि तान्ह्या पोराचा घसा तो केवढा!

मी ह्यांच्या अंगाला खोबरेल चोपडायला मालनला सांगितलं. फडकं गुंडाळून चोपड, नंतर ते फडकं फेकून दे, आणि चंदूला ह्या खोलीत आणायचं नाही. सांगितलं आणि तशीच मागे पळाले.

संडासांच्या रांगेमागं बुंधा राहिला होता. तोडलेल्या जागी रोगण फासल्यासारखा काळा चीक. झाडाचा बाकी पत्ता नव्हता. ते कुठं गेलं, हे मला ठाऊकच होतं.

चाळीच्या अंगणात होळी रचून तयार होती. दीड पुरुष उंच, मधोमध एरंडाची फांदी, खाली गोवऱ्या, आणि चारी बाजूंनी करड्या सालीचे ओंडके. पोरं नाचत होती. गुणाजीभाऊ खुर्चीवर उभे राहून पताका बांधत होते. मंडळाचे अध्यक्ष तेच, गिरणीत युनियनमध्ये होते, बोलायला उभे राहिले की समोरच्याचं ऐकायची सवय नाही. साडेसातला पेटवायची होती. घड्याळात पाच वाजून गेले होते.

"भाऊ, ही होळी पेटवू नका," मी म्हटलं. "हिच्यात बिब्बा आहे."

भाऊ खुर्चीवरून खाली उतरले. "कुणी घातला?"

"तुम्हीच घातला!"

"तोंड सांभाळा, वहिनी. सणासुदीला बिब्बा मी घालतोय की तुम्ही?"

अंगणात हशा पिकला. म्हणजे बघा आमच्या भाषेची गंमत! मी झाड म्हणत होते, ते म्हण ऐकत होते. मी ओरडून सांगितलं, बिब्ब्याचं झाड हो, लाकूड, धूर घशात जाईल, पोरं मरतील. 'मरतील' म्हटलं आणि सगळं बिघडलं. बायकांनी कानाला हात लावले. रत्नावहिनी, भाऊंची बायको, तिनं माझं मनगट धरून बाजूला ओढलं. "शेवंते, होळीसमोर असा अभद्र बोलतत? तुझ्या घोवाक तसाच झाला. मुहूर्त न बघता झाड पाडल्यान, देवीचो कोप झालो. आता गप रव."

"कोप नव्हे गं, चीक आहे चीक!"

"बरं, चीक तर चीक," भाऊ म्हणाले. "पण होळीवर चढलेलं लाकूड परत निघत नाही. कुणाचा दरवाजा चोरून पोरांनी होळीवर टाकला, तर मालकसुद्धा परत नेत नाही. माहीत आहे ना? ते आता होळीचं. काढलं तर अख्ख्या चाळीवर येईल."

रीत खरीच तशी आहे. मीही लहानपणापासून तेच ऐकलंय. आणि मंडळी सगळी माझ्याकडे अशी बघत होती, की नवऱ्याच्या आजारपणानं बाईचं डोकं फिरलंय. शेजारच्या चाळीत ढोल सुरू झाला. मालन दाराबाहेर येऊन उभी होती, कडेवर चंदू, आणि वारं आमच्याच खोलीकडे वाहत होतं. मी त्याला घेऊन दहिसरला पळाले असते, एवढं सोपं होतं. पण अंगणात अजून सहा तान्ही होती. त्यांच्या आज्या माळा घेऊन बसलेल्या.

मी घरात गेले आणि विळा घेऊन आले. मला बघून गर्दी मागे सरकली.

"घाबरू नका, कुणाची मान कापत नाही," मी म्हटलं. मग होळीतल्या सर्वांत जाड ओंडक्याच्या सालीत विळा खुपसला आणि ओढला. आतून पांढरट चीक पाझरला. "भाऊ, तो खांद्यावरचा पंचा द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना! आणि तंबाखूच्या चुन्याची डबी द्या."

काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी दिलं. मी पंच्याचं टोक काठीनं त्या चिकावर दाबलं आणि वर काठीनंच चुना लावला. सगळे वाकून बघायला लागले. मी जवळ येऊ दिलं नाही. चीक आधी तपकिरी झाला. मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालत होते, हो रे बाबा, लवकर हो. मग तो काळा झाला. काळाकुळकुळीत.

"भाऊ, तुमचा धोबी कॉलरच्या आत खूण कशानं करतो?"

भाऊंनी आपसूक कॉलर चाचपली. धोब्याची खूण सगळ्यांनी जन्मभर बघितलेली, कपडा फाटतो पण ती जात नाही. आणि ती बिब्ब्यानं करतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"आता धुऊन दाखवा," मी पंचा काठीवर धरून फिरवला. "कुणाला पाहिजे त्यानं धुवा. पण हात न लावता धुवा."

तेवढ्यात ढोलवाला धोंडिराम पुढे आला. ओंडके ओढून आणले ते त्यानंच. त्यानं शर्टाची बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला फोडांची रांग. "कालपासून आहे," तो म्हणाला. "लवूकाकासारखी मलाही देवी आली म्हणतील, म्हणून बोललो नाही."

आता मी बोलले. भावाचं बोलले. आईनं नाव घ्यायला बंदी का केली ते, न्हाणीघर, पाट, तिसरा दिवस, सगळं. पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही, आणि बोरीवलीच्या अंगणात दीडशे माणसांसमोर ओरडून सांगत होते. आवाज फाटला माझा. रत्नावहिनीनं हातातली माळ खाली ठेवली.

भाऊ होळीभोवती एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "पण रीत कशी मोडायची, वहिनी?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही अध्यक्ष."

त्यांनी चपला काढल्या. नारळ घेतला, होळीसमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी ही होळी रचली. त्यात नजरचुकीन वायट लाकूड पडला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळींनी साथ दिली, पण आवाज बारीक.

"ता काढूक तू परवानगी दी म्हाराजा! रीत मोडली तर दोष माझ्या एकट्याच्या माथ्यार घाल, चाळीतल्या पोराबाळांवर घालू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी अंगण दणाणलं. गुणाजीभाऊंबद्दल मी नेहमी वाईटच बोलत आले, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पाया पडले असते.

मग त्यांनी विचारलं, "आता काढणार कोण?"

आधीच उल्हास त्यात फाल्गुनमास! दीडशे माणसं, आणि जो तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतोय. धोंडिराम पुढे आला तर मीच त्याला ढकललं. "तुला एकदा लागलंय मेल्या, परत लागलं तर डोळे जातील. लांब हो. मी काढते."

मालन धावत आली. "आई, तू नाही! तू फेरी मारायची आहेस!"

"मग फेरी मारायला होळी तरी धड राहू दे ना!"

सहा वाजले होते. रत्नावहिनीनं खोबरेलाची बाटली आणली आणि बोटांपासून खांद्यापर्यंत मला तेल थापलं. वर ह्यांचा गिरणीतला जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. हातात दुधाच्या दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मनगटाला सुतळी. तोंडाला दुसरा, ओला पंचा, फक्त डोळे उघडे. पोरांना आणि बायकांना वाऱ्याच्या उलट बाजूला हाकललं. भाऊंना आणि दोघा-तिघांना भिंतीकडे खड्डा खणायला लावलं, कमरेएवढा खोल. जाळायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, नाल्यात टाकायचं नाही. पुरायचं.

आंबे काढायची आकडी घेऊन मी एकेक ओंडका ओढायला लागले. करडी साल आणि काळं तोंड, ही ओळख. ओढायचा, गोणपाटावर घ्यायचा, गोणपाट फरफटत खड्ड्याकडे न्यायचं. पहिले पाच-सहा सहज निघाले. मग आतले अडकलेले. होळी एका बाजूला कलली, बायका किंचाळल्या. घाम डोळ्यात उतरत होता आणि मला पुसता येत नव्हता. पुसला असता तर संपलेच असते. "डोळ्याला हात लावू नकोस शेवंते," मी स्वतःलाच शिव्या घालत होते, "लावलास तर तोडून टाकीन."

अंधार पडायला लागला तशी भीती वाढली. करडी साल आणि साधी साल एकसारखी दिसायला लागली. धोंडिरामनं लांबून बॅटरी धरली. बारावा ओंडका ओढताना त्याचं कुसळ पिशवीत घुसलं आणि पिशवी टरकन फाटली. मनगटावर थंड, चिकट काहीतरी लागलं. मला कळलं काय ते. थांबून काय करणार होते? काटक्यांच्या मोळ्या राहिल्या होत्या, त्याही ओढल्या. गोवऱ्या चाळून चाळून बघितल्या. शेवटी शर्ट, पिशव्या, गोणपाट, सगळं खड्ड्यात गेलं आणि वर माती.

होळीची उंची निम्म्यावर आली होती. पोरांनी आपापल्या घरातून मोडके पाट, खोक्यांच्या फळ्या आणून टाकल्या. मी नळाखाली हात धरून बसले होते. साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. मनगटावरचा डाग तसाच.

आठला भाऊंनी होळी पेटवली. बोंबा उठल्या. मालन चंदूला घेऊन माझ्याकडे आली, माळ त्याच्या गळ्यात, अंगावर नवं झबलं. "आई, चल. सगळे तुझ्यासाठी थांबलेत." चंदूनं मला बघितलं आणि दोन्ही हात पसरून झेप घेतली.

"लांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की मालन दचकून मागे सरली. "लांब ने त्याला! मला शिवू नकोस!"

पोर रडायला लागलं. मालनच्या डोळ्यात पाणी. मलाही भडभडून आलं, पण डोळे पुसायची सोय नव्हती. रत्नावहिनी पुढे आली, तिनं चंदूला घेतलं आणि त्याच्या पाच फेऱ्या मारल्या. मी नळाजवळून मोजल्या. तिसऱ्या फेरीला वारं फिरलं आणि धुराचा लोट त्याच्या तोंडावर गेला. तो खोकला. दोनदा. एखादी काटकी राहिली असेल तर? गोवऱ्यांच्या खाली, एरंडाच्या मुळाशी? आता कळायला मार्ग नव्हता. दोन दिवस वाट बघायची, एवढंच.

ती रात्र आणि पुढचा दिवस मी भिंतीला टेकून काढला. मनगट सुजलं, मग हात, मग गळा. मालन आणि चंदू रत्नावहिनीकडे होते. मी दर तासाला दारातून ओरडायची, "कसा आहे?" तिकडून उत्तर यायचं, "झोपलाय." झोपलाय म्हटलं तरी माझी घालमेल. ह्यांच्या डोळ्यांच्या फटी हळूहळू उघडत होत्या, आणि माझ्या बंद होत होत्या. ते म्हणाले, "आता निदान दोघं सारखे दिसतो." मी त्यांना चार शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालन दहिसरला निघाली. मी सांगितलं, जाण्याआधी दारातून दाखव, उंबऱ्याच्या आत येऊ नकोस. ती चंदूला उजेडात धरून उभी राहिली. मी एका डोळ्याच्या फटीतून बघितलं. गाल बघितले, पापण्या बघितल्या, मालनला सांगून त्याचं तोंड उघडायला लावलं. लाल नाही, सूज नाही, एक पुरळ नाही.

"चंदू," मी म्हटलं, "इकडे बघ बाबा."

त्यानं माझ्याकडे टक लावून बघितलं. हे सुजलेलं, काळंनिळं तोंड कुणाचं, त्याला काय कळणार? त्याचा ओठ थरथरला आणि त्यानं भोकाड पसरलं. असं मोकळ्या घशाचं भोकाड, की चाळीच्या टोकाची माणसं दारात आली. मालन त्याला छातीशी धरून म्हणायला लागली, "अरे आजी आहे, आजी आहे ती," आणि त्याला पाठमोरा वळवायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "गप्प करू नकोस. अजून थोडा रडू दे त्याला."